सौंसरचा पक्षकार आणि न्यायालयाची भाषा

मध्य प्रदेशातील फौजदारी न्यायालयांत ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांनी आपसांत केलेली तडजोड. मराठी माणूस राजीनामा देतो तो नोकरीचा किंवा पदाचा. ‘आपत्ति’ म्हणजे तेथे हरकत; आपल्याकडे आपत्ती म्हणजे महापूर नाही तर दुष्काळ. हिंदीतील ‘तकरार’ म्हणजे भांडण; मराठीतील तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. तपास बंद करीत असल्याचा अहवाल पोलिसांनी न्यायालयाकडे पाठविला की त्यास तेथे ‘खात्मा’ म्हणतात, आरोपपत्रास ‘चालान’ म्हणतात, आणि गावात जाऊन लिहून घेतलेल्या फिर्यादीस ‘देहाती नालसी’. गोमंतकीय वाचकास हे वाचून थोडे हसू येईल. परंतु ज्यास वकील परवडत नाही, आणि जो शेताच्या बांधाचा, बापाच्या वाटणीचा किंवा टाकून दिलेल्या लेकीच्या पोटगीचा अर्ज स्वतःच हातात धरून सौंसरच्या अगर पांढुर्ण्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, त्या मराठी माणसास हसू येणे शक्य नाही. ‘तुम्हें कोई आपत्ति है?’ या प्रश्नाचे उत्तर त्यास न्यायासनासमोर उभे राहून तत्काळ द्यावयाचे असते. आणि एकदा दिलेले उत्तर कागदावर चढते ते चढतेच.

पांढुर्णा हे नाव आपल्याकडे बहुधा गोटमारीच्या बातमीपुरतेच येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्राच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव येथील मंडळी समोरासमोर उभी राहतात, दगडफेक होते, जखमींचा आकडा छापून येतो आणि पुढल्या पोळ्यापर्यंत त्या गावाचा विसर पडतो. वास्तविक हा सारा संत्र्यामोसंब्यांचा आणि कापसाचा मुलूख. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा आहे, तर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर. दोन्ही ठिकाणी घरात, शेतात, देवळात आणि सोयरिकीत मराठीच चालते. शाळा, कचेरी आणि न्यायालय मात्र हिंदीत. काटोल, नरखेड, सावनेर हे शेजारचे तालुके महाराष्ट्रात, आणि लेकीबाळी दिल्याघेतल्या जातात त्या सीमेच्या दोन्ही बाजूंस. महाराष्ट्राने १९९८ साली आपल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तेथेही इंग्रजीचा वावर अजून पुष्कळ आहे हे खरे. तरी एकाच कुटुंबातील दोघा भावांपैकी एकाचा कज्जा काटोलास आणि दुसऱ्याचा सौंसरास असेल, तर एकास आपल्या भाषेत बोलता येते आणि दुसऱ्यास येत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

हे आरंभापासून असेच होते असे मात्र नव्हे. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड यांची राजधानी होती, आणि १९३६ साली तेथे उच्च न्यायालय स्थापन झाले. छिंदवाडा जिल्ह्यातील पक्षकार अपिलासाठी नागपुरास जाई. सकाळी निघून रात्री घरी परतावे इतके ते जवळ. त्या काळच्या मध्य प्रदेशाने १९५० साली राजभाषेचा कायदा केला तेव्हा त्यात हिंदी आणि मराठी या दोहोंनाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. पुनर्रचनेच्या कायद्याने नागपूरचे उच्च न्यायालय हेच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरविले गेले आणि ते जबलपुरास गेले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. सौंसरच्या शेतकऱ्याने आपले गाव सोडले नाही. न्यायालयच त्यास सोडून गेले. आज त्याच्या दारापासून सर्वांत जवळचे उच्च न्यायालय नागपुरात आहे आणि ते त्याचे नाही. त्याचे आहे ते तिपटीहून अधिक दूर, छिंदवाडा आणि सिवनी ओलांडून. नव्या राज्याने १९५७ साली राजभाषेचा नवा कायदा केला त्यात मराठी उरली नाही.

आता प्रश्न असा की, वकिलावाचून उभ्या राहणाऱ्या अशा माणसास सरकार काय देते?

कायद्याने त्यास उभे राहण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो जुनाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकारास स्वतः हजर होता येते, आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती वकील नसलेल्या माणसासही बोलण्याची परवानगी देऊ शकते. काही ठिकाणी तर वकील नसावा अशीच कायद्याची अपेक्षा आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील लावण्याचा हक्क म्हणून कोणास नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्यात न्यायाधिकरणापुढे वकिलास मज्जाव लिहिलेला आहे. ग्राहक आयोगापुढे सामान्य ग्राहकाने स्वतः यावे अशी कल्पना आहे. मध्य प्रदेशातील तहसीलदारापुढील नामांतरण, बंटवारा, सीमांकन, म्हणजे आपल्या भाषेत फेरफार, वाटणी आणि मोजणी, ही प्रकरणे तर शेतकरी बहुधा स्वतःच चालवितो. कायद्याने बोलण्यास उभे केले आणि शब्द मात्र दिले नाहीत, अशी ही स्थिती आहे.

साहाय्याची बाजू पाहिली तर तीही कागदावर दुबळी नाही. घटनेत ३९-अ हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने दुर्बल घटकांच्या विधी साहाय्याचा स्वतःचा कायदा केला, केंद्रीय कायद्याच्या अकरा वर्षे आधी. याचे श्रेय त्या राज्यास दिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होस्कोट प्रकरणात आणि १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात, गरीब आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग असल्याचे सांगितले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कारखान्यांतील कामगार, कोठडीतील बंदी आणि ठराविक उत्पन्नाच्या आतील सर्वजण यांना त्याप्रमाणे विनामूल्य विधी सेवा मिळते. राष्ट्रीय पातळीपासून तालुक्याच्या समितीपर्यंत त्याची उतरंड आहे.

परंतु या सर्व रचनेच्या मुळाशी साहाय्य म्हणजे वकील हे एकच समीकरण आहे. अर्ज करा, पात्र ठरा, वकील घ्या. जो वकील मिळण्याची वाट पाहू शकत नाही, जो उत्पन्नाच्या मर्यादेच्या थोडा वर आहे पण खाजगी वकिलाची फी देऊ शकत नाही, किंवा ज्यास आपले गाऱ्हाणे आपल्याच तोंडाने सांगावयाचे आहे, त्याच्यासाठी या व्यवस्थेजवळ फारसे काही नाही. वास्तविक कायद्याने केलेली ‘विधी सेवा’ या शब्दाची व्याख्या अरुंद नाही. खटला चालविण्याच्या कामी कोणतीही सेवा देणे आणि कायद्याच्या कोणत्याही बाबतीत सल्ला देणे, हे दोन्ही तीत येते. अर्ज लिहून देणे, आदेश वाचून समजाविणे, दुभाषी पुरविणे ही सारी कामे त्या व्याख्येत बसतात. व्याख्या रुंद आणि व्यवहार अरुंद, असे हे झाले आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खोटा नाही. पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना हिंदी येते. नवी पिढी शाळेत हिंदीतच शिकली. मग हा प्रश्न कोठून आला? बाजाराची हिंदी सर्वांस येते हे मान्य. संत्र्याचा भाव हिंदीत ठरतो, दवाखान्यात आणि बँकेत हिंदी चालते. न्यायालयाची हिंदी ही निराळी आहे. तिचा एक पाय ‘अभिकथन’, ‘प्रतिपरीक्षण’, ‘दोषमुक्त’ अशा संस्कृत शब्दांत आणि दुसरा ‘मर्ग’, ‘कुर्की’, ‘बयान’ अशा फारसी-उर्दू परंपरेत. भोपाळच्या हिंदीभाषकासही ती अडखळविते. मराठी माणसापुढे याशिवाय एक निराळा सापळा असतो. अपरिचित शब्द आला तर तो विचारील. परंतु राजीनामा, आपत्ती, तक्रार हे शब्द त्यास परिचित वाटतात आणि म्हणून तो विचारीत नाही. समजा, सौंसरजवळच्या एखाद्या खेड्यातील विधवेने दिरांविरुद्ध मारहाणीची फिर्याद केली आहे आणि तिच्यापुढे ‘राजीनामा’ असे शीर्षक असलेला कागद सहीसाठी आला. सही केली तर आपण कशातून बाहेर पडणार आहोत, फिर्यादीतून की घरातून, हे तिला त्या शीर्षकावरून कळावयाचे कसे? तडजोड नोंदली गेली की प्रकरण मिटते. पुढे दाद मागण्याची वाट जवळजवळ बंद होते.

भाषेच्या अडचणीचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा लोकमान्य टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण अनेक दिवस चालले आणि एकंदर एकवीस तासांहून अधिक झाले. लेख ‘केसरी’तील, म्हणजे मराठी, ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, न्यायालयापुढे होती ती लेखांची इंग्रजी भाषांतरे. म्हणून टिळकांच्या श्रमाचा बराच भाग अमुक शब्दाचा अर्थ भाषांतरात दिला तसा नाही, हे पटविण्यात खर्ची पडला. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस गेले. निकालाचे राजकीय कारण सर्वश्रुत आहे. भाषांतर बिनचूक असते तरी तो बदलला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो स्वतः कायद्याचा पदवीधर होता, ज्याने पुण्यात कायद्याचे वर्ग चालविले होते, त्यासदेखील आपल्या मराठीचा अर्थ न्यायालयास सांगण्यात दिवसामागून दिवस घालवावे लागले. सौंसरच्या विधवेस न्यायालय किती मिनिटे देऊ शकेल?

फौजदारी प्रकरणात आरोपीस न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्यास कळेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. मात्र हे संरक्षण आरोपीचे आहे, आणि तेही साक्षीपुरते. दिवाणी दाव्यात साक्षीदारास त्याचीच उतरवून घेतलेली साक्ष समजावून सांगण्याची तरतूद आहे. समोरच्याचा अर्ज, न्यायालयाचा अंतरिम आदेश, पुढील तारखेस काय आणावयाचे याची सूचना, हे समजावून देणे मात्र कोणाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले नाही. शिरस्तेदार भला असला तर सांगतो. नसला तर आवारातील अर्जनवीस सांगतो आणि त्याचे पैसे घेतो.

मध्य प्रदेशाने या प्रश्नाकडे परकेपणाने पाहू नये, कारण त्या राज्याने स्वतः हीच लढाई एकदा लढून जिंकलेली आहे. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असावी असे घटना सांगते. राष्ट्रपतींच्या संमतीने अपवाद करता येतो. ही संमती मध्य प्रदेशाने १९७१ साली मिळविली आणि जबलपूरच्या न्यायालयात हिंदीस वाट मिळाली. आपल्या जनतेस न्याय आपल्या भाषेत कळला पाहिजे हाच त्यामागचा युक्तिवाद होता. तो जबलपूरला खरा आणि पांढुर्ण्यास खोटा कसा ठरेल?

गोमंतकात बसून हे लिहिताना मात्र आम्हांस फार उंच स्वर लावता येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पोर्तुगीज दस्तांवर सह्या केल्या त्या एस्क्रिव्हांव सांगेल तो अर्थ मानून. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली, तिचा कुटुंबविषयक भाग अद्यापि चालू आहे, आणि तिचे सरकारी इंग्रजी भाषांतर येण्यास मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या सरकारी वापराची सोय केली. न्यायालये मात्र इंग्रजीतच चालतात. येथील कूळ आणि मुंडकार वर्षानुवर्षे मामलेदारापुढे आपली बाजू स्वतः मांडीत आला तो मामलेदाराशी आपल्या भाषेत बोलता येते म्हणून. कुळांची प्रकरणे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे नेण्याची दुरुस्ती २०१४ साली झाली तेव्हा कुळांनी एवढा आक्रोश केला तो उगीच नव्हे. वकील, इंग्रजी आणि तारखा, ही तिन्ही संकटे त्यांना एकदम दिसली होती. अखेर मामलेदारांचे अधिकार परत द्यावे लागले.

उच्च न्यायालयांची वृत्तीही अलीकडे वकिलावाचून येणाऱ्यास दारातच थोडे थांबविण्याची झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्याने आपण वकील का लावीत नाही याची कारणे अर्जाने द्यावयाची आणि निबंधकांपुढे जावयाचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली असेच नियम केले; प्रबंधक कार्यालयातील अधिकाऱ्यांची समिती अशा पक्षकाराची मुलाखत घेऊन, तो न्यायालयास साहाय्य करू शकेल की नाही ते पाहते. गोव्याचे खंडपीठ याच न्यायालयाचे. या नियमांमागील वैताग आम्ही समजू शकतो. तीनशे पानांचा अर्ज आणून प्रत्येक पान वाचून दाखविण्याचा हट्ट धरणारा पक्षकार ज्याने एकदा पाहिला आहे, त्यास न्यायाधीशांची दया येईल. परंतु चाळणी लावणे निराळे आणि चाळणीत अडकलेल्यास हात देणे निराळे. पहिल्याचे नियम झाले, दुसऱ्याचे कोठे दिसत नाहीत.

इतर देशांनी यातून थोडेफार शिकले आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने विधी साहाय्याचा निधी छाटला गेला आणि कुटुंब न्यायालयांत एकट्याने येणाऱ्यांची रीघ लागली. तेथे स्वयंसेवक पक्षकाराशेजारी बसतात, कागद लावून देतात, धीर देतात, युक्तिवाद मात्र करीत नाहीत. १९७० च्या एका निकालापासून अशा सोबत्यास मॅकेन्झी मित्र म्हणण्याची चाल पडली आहे. कॅनडाच्या न्यायिक परिषदेने २००६ साली वकिलावाचून येणाऱ्यांविषयी न्यायालयांनी कसे वागावे याची तत्त्वे लिहून काढली, आणि २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर आपली मोहोर उठविली. ही श्रीमंत देशांची चैन आहे असे म्हणण्याचे कारण नाही. शेजारी बसणाऱ्या माणसास फार पैसा लागत नाही.

आपल्याकडे तो माणूस नावाने अस्तित्वात आहेही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आखली. गावातीलच थोडे शिकलेले स्त्री-पुरुष निवडावे, त्यांना कायद्याची तोंडओळख करून द्यावी आणि लोक व न्यायालय यांच्यामध्ये त्यांनी दुवा व्हावे, अशी ती कल्पना. पांढुर्णा आणि सौंसर येथील न्यायालयांच्या आवारात मराठी बोलणारे असे दोन-दोन स्वयंसेवक कामाच्या सर्व दिवशी एका मेजाशी बसवावेत. अर्जांचे छापील नमुने हिंदीबरोबर मराठीतही ठेवावेत. पक्षकाराने मागितल्यास आदेशाचा अखेरचा, काय करावे आणि कधी करावे हे सांगणारा भाग त्यास मराठीत वाचून दाखवावा. आणि सही करण्यापूर्वी कागद समजला अशी नोंद व्हावी. महाराष्ट्रातील सातबारा किंवा फेरफाराचा उतारा पुराव्यादाखल आला तर त्याच्या हिंदी भाषांतराचा खर्च गरीब पक्षकाराच्या माथी मारू नये, तो विधी सेवेच्या निधीतून व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून यंत्राच्या साहाय्याने आपले निकाल प्रादेशिक भाषांत, मराठीतही, उतरविण्यास आरंभ केला आहे. दिल्लीचा निकाल मराठीत मिळतो; सौंसरच्या न्यायालयाची चार ओळींची सूचना मिळू नये, हे विचित्र आहे.

या मागणीस आता एक नवे निमित्त मिळाले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि सौंसर त्यात आले. जुना छिंदवाडा जिल्हा विस्ताराने फार मोठा, त्यात हिंदी आणि गोंडी बोलणारा मुलूख पसरलेला. मराठी त्याच्या दक्षिण कोपऱ्यात पडून राही आणि जिल्ह्याच्या हिशेबात विरून जाई. नव्या जिल्ह्यात तसे होणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांविषयी केंद्र सरकारने १९५६ साली काढलेल्या निवेदनात, ज्या भागात असा समाज लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के असेल तेथे सरकारी सूचना त्याच्या भाषेतही काढाव्यात असे सुचविले होते. घटनेचे ३५० वे कलम तर कोणत्याही नागरिकास राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याची मुभा देते. येत्या जनगणनेत पांढुर्णा जिल्ह्याचे भाषावार आकडे स्वतंत्रपणे मांडले जातील, तेव्हा तेथील मराठी मंडळींनी आपली मातृभाषा मराठी अशीच नोंदवावी. शाळेची भाषा हिंदी म्हणून मातृभाषाही हिंदी सांगण्याची जी सवय सीमाभागात पडत जाते, तिचा फटका पुढे अशाच ठिकाणी बसतो.

आकडे येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत आहेत, पाट्या रंगविल्या जात आहेत, छापील नमुने नव्या जिल्ह्याच्या नावाने पुन्हा छापावेच लागणार आहेत. त्याच छपाईत ‘राजीनामा’ या शब्दाशेजारी ‘तडजोड’ आणि ‘आपत्ति’शेजारी ‘हरकत’ एवढे दोन मराठी शब्द घालावयास कोणताही नवा कायदा लागत नाही. जबलपूरच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे एक परिपत्रक पुरे आहे.